जलमार्गाची माहिती हवी असेल तर कोणता कागद, कोणाकडे मागायचा

समजा, धरमतरच्या खाडीत गाळ काढायचे काम सुरू आहे. काढलेला गाळ नेमका कुठे टाकतात, हे किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला जाणून घ्यायचे आहे, कारण त्याची जाळी तिथेच लागतात. तहसील कार्यालय त्याला बंदर खात्याकडे पाठवते. बंदर खाते म्हणते, जलमार्ग केंद्राचा आहे. केंद्राच्या कार्यालयाकडून उत्तर येते की ही माहिती आमच्याशी संबंधित नाही. माहिती अधिकाराचा कायदा त्याच्या बाजूने आहे, अर्जाचे शुल्क फक्त दहा रुपये आहे, तरी चार महिने जातात आणि हातात काही पडत नाही.

बहुतेक अर्ज असेच वाया जातात. माहिती गुप्त असते म्हणून नव्हे, तर ती कोणाकडे आणि कोणत्या नावाच्या कागदात आहे हे अर्ज करणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते म्हणून. जलमार्गाच्या बाबतीत हे जास्तच घडते. रस्त्याला निदान एक मालक असतो. नदीचे पाणी, तिचा तळ, तिच्यातली वाळू, तिच्यावरची बोट आणि तिच्या काठची जेटी यांचा कारभार मात्र वेगवेगळ्या कार्यालयांत वाटलेला आहे.

आधी ठरवा, नदी कोणाची

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतच ही वाटणी आहे. संसदेने कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर केलेल्या पाण्यावरची यांत्रिक जहाजांची वाहतूक हा केंद्राचा विषय. बाकीचे अंतर्देशीय जलमार्ग मुख्यतः राज्याचे. पाणी, म्हणजे सिंचन, कालवे, साठवण, हेही राज्याचेच.

राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ हा १२ एप्रिल २०१६ पासून लागू झाला आणि जाहीर जलमार्गांची संख्या ५ वरून १११ झाली. त्यांचे नियमन आणि विकास भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे आहे. हे प्राधिकरण १९८५ च्या कायद्याने २७ ऑक्टोबर १९८६ रोजी स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नोएडाला आहे आणि ते केंद्राच्या बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्रालयाखाली येते. महाराष्ट्रातली आंबा नदी (धरमतरची खाडी तिच्याच मुखाची) हा राष्ट्रीय जलमार्ग १०, दाभोळची खाडी आणि वाशिष्ठी हा २८, वसईची खाडी आणि उल्हास हा ५३, राजपुरीची खाडी ८३, रेवदंड्याची खाडी आणि कुंडलिका ८५, बाणकोटची खाडी म्हणजे सावित्री ८९, जयगडची खाडी आणि शास्त्री ९१, तापी १००.

कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक जलमार्गाचे सुरुवातीचे आणि शेवटचे टोक अक्षांश-रेखांशासह दिलेले आहे. ते जरूर पाहा. आंबा नदीचा जलमार्ग रेवसजवळून नागोठण्याच्या एसटी स्टँडजवळच्या पुलापर्यंत आहे, सुमारे ४५ किलोमीटर. पुलाच्या वरच्या अंगाला काही घडत असेल तर नोएडाला अर्ज करून उपयोग नाही. दुसरी गोष्ट, जाहीर झालेला प्रत्येक जलमार्ग चालू नाही. अनेकांवर व्यवहार्यता अभ्यास झाला आणि काम तिथेच थांबले. अशा नदीबद्दल मागण्याजोगा मुख्य कागद म्हणजे तो अभ्यास किंवा सविस्तर प्रकल्प अहवाल. 'काम का सुरू झाले नाही' हा प्रश्न अर्जात लिहूनही उत्तर येणार नाही. ते उत्तर त्या अहवालाच्या निष्कर्षांत असते.

राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाला म्हणून राज्य बाजूला होत नाही. कोकणातल्या खाड्यांतल्या बहुतेक जेट्या, तरीची म्हणजे फेरीबोटींची वाहतूक, छोटी बंदरे, बोटींची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. हे मंडळ १९९६ च्या राज्य कायद्याने झाले आणि त्याचे काम प्रादेशिक बंदर अधिकाऱ्यांमार्फत चालते. धरणातून किती पाणी सोडले ते जलसंपदा विभागाकडे. वाळूचा लिलाव, परवाने आणि दंड जिल्हाधिकाऱ्यांच्या गौण खनिज शाखेकडे. कारखान्याच्या सांडपाण्याची संमतिपत्रे आणि पाण्याचे नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. म्हणून एकच मोठा अर्ज लिहून सगळे मागू नका. कार्यालये चार असतील तर अर्जही चार करा.

माहिती मागू नका, कागद मागा

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधली 'माहिती' म्हणजे अभिलेख, कागदपत्रे, ईमेल, आदेश, करार, अहवाल, नमुने, म्हणजे कार्यालयाच्या ताब्यात आधीपासून असलेली कोणत्याही रूपातली सामग्री. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात हे स्पष्ट केले: जे अस्तित्वात आहे ते द्यायचे. नवी माहिती तयार करणे, मत देणे किंवा निष्कर्ष काढून देणे हे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. त्यामुळे 'गाळ काढूनही बोटी का अडकतात?' याला 'हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असे उत्तर येते, आणि ते उत्तर कायदेशीरच असते.

तोच प्रश्न कागदाच्या भाषेत असा होतो:

'राष्ट्रीय जलमार्ग १० (आंबा नदी) वरील गाळ काढण्याच्या कामाबाबत १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या काळातील पुढील अभिलेखांच्या प्रती द्याव्यात: १) कार्यादेश व करारनामा, २) कामापूर्वीच्या व कामानंतरच्या खोली सर्वेक्षणाचे अहवाल, ३) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने व अदा केलेली देयके, ४) गाळ टाकण्याच्या जागेच्या मंजुरीचे पत्र.'

यात ठिकाण आहे, काळ आहे आणि प्रत्येक ओळीत फायलीतल्या एका कागदाचे नाव आहे. आता 'उपलब्ध नाही' म्हणायचे तर अधिकाऱ्याला कार्यादेश नाही, मोजमाप पुस्तिका नाही असे लिहून द्यावे लागेल. सरकारी पैशाने झालेल्या कामात तसे लिहिणे सोपे नसते.

मागण्यापूर्वी कामाचा करार कोणत्या पद्धतीचा आहे हे समजून घ्या, नाहीतर चुकीचा कागद मागितला जातो. एका पद्धतीत पैसे घनमीटरवर देतात. गाळ काढण्याआधी तळ मोजायचा, काढल्यावर पुन्हा मोजायचा आणि दोहोंतल्या फरकाचे बिल करायचे. इथे दोन सर्वेक्षणांमधले दिवस तपासणे सगळ्यांत महत्त्वाचे. मधे पूर येऊन गेला असेल तर तळ आपोआप बदललेला असतो आणि फरकाचा आकडा फसवा ठरतो. दुसरी पद्धत खात्रीच्या खोलीची. ठेकेदाराने ठरलेल्या पट्ट्यात वर्षभर ठरलेली खोली आणि रुंदी राखायची आणि त्याबद्दल पैसे घ्यायचे. गंगेवरच्या राष्ट्रीय जलमार्ग १ वर असे करार झालेले आहेत. अशा कामात 'किती घनमीटर गाळ काढला' विचाराल तर देयकाशी जुळणारा आकडा मिळणार नाही, कारण देयक त्यावर निघतच नाही. तिथे नियमित सर्वेक्षणांचे अहवाल मागा, आणि खोली राखली गेली नाही त्या दिवसांसाठी देयकातून केलेल्या कपातीचा तपशील मागा. कपात शून्य आणि त्याच काळात बोटी रुतल्याच्या नोंदी, असे दोन कागद शेजारी आले की पुढचा प्रश्न स्वतःच उभा राहतो.

काही खाड्यांत गाळ सरकार काढत नाही, जेटी वापरणारा कारखाना स्वतःच्या खर्चाने काढून घेतो. तेव्हा सरकारकडे करारनामा नसतो. परवानगीपत्र असते, त्यातल्या अटी असतात आणि अटी पाळल्याचे अहवाल असतात. तेच मागायचे.

खोलीचा आकडा वाचताना

जलमार्ग प्राधिकरण आपल्या मुख्य जलमार्गांसाठी किमान उपलब्ध खोलीचे अहवाल आणि नौकानयन सूचना स्वतःहून प्रसिद्ध करते. अर्जाआधी ते पाहून घ्या. किमान उपलब्ध खोली म्हणजे त्या पट्ट्यातल्या सर्वांत उथळ जागेची खोली. शंभर किलोमीटरमध्ये सगळीकडे चार मीटर पाणी असले आणि एकाच उंचवट्यावर दीड मीटर असले, तरी पूर्ण भरलेल्या बार्जसाठी, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीसाठी, तो पट्टा दीड मीटरचाच. सरासरी खोलीचा आकडा म्हणूनच निरुपयोगी असतो. कोणी तो दिला तर किमान खोली, तिची जागा आणि मोजणीची तारीख मागावी.

खाडीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भरतीला आणि ओहोटीला पाण्याची पातळी काही मीटरने बदलते, म्हणून नकाशावरची खोली एका ठरलेल्या नीच पातळीपासून मोजलेली असते. ती आधारपातळी कोणती हे लिहिलेले नसेल तर दोन वर्षांची सर्वेक्षणे एकमेकांशी ताडता येत नाहीत. अर्जात 'सर्वेक्षणाची आधारपातळी नमूद असलेल्या पानासह' एवढे शब्द घाला. नंतरचा एक अर्ज वाचतो.

बोट सुरक्षित आहे का, हे सांगणारे कागद

७ मे २०२३ रोजी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरला प्रवासी बोट उलटून २२ माणसे गेली. मूळची मासेमारीची बोट प्रवासी बोट म्हणून वापरली जात होती आणि तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. अशा बोटीची क्षमता आणि तिच्यातले फेरफार तपासणीच्या कागदांवरून कळतात, आणि ते कागद अपघाताआधीही कोणीही मागू शकतो. आपल्या गावच्या तरीबद्दल हा अर्ज करून ठेवणे अतिशय मोलाचे काम आहे.

अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ ने १९१७ चा जुना कायदा बदलला. यांत्रिक बोटीला नोंदणी प्रमाणपत्र, तपासणीचे म्हणजे सर्व्हेचे प्रमाणपत्र आणि विमा लागतो. सर्व्हे प्रमाणपत्राची मुदत संपली की बोट चालवता येत नाही, आणि किती प्रवासी न्यायचे तेही या तपासणीतच ठरते. त्यामुळे प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याकडे मागायचे ते असे: अमुक जेटीवरून चालणाऱ्या प्रवासी बोटींची यादी, प्रत्येकीच्या चालू सर्व्हे प्रमाणपत्राची प्रत, शेवटच्या तपासणीत काढलेल्या त्रुटी आणि त्या दूर केल्याचा अहवाल, गेल्या तीन वर्षांतल्या दंडाच्या कारवाया.

बोट खासगी मालकाची आहे म्हणून नकार आला तर तो टिकत नाही. सर्व्हे प्रमाणपत्र सरकारी अधिकाऱ्याने दिलेले आहे आणि त्याची नोंद कार्यालयात आहे. शिवाय, दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली सरकारी कार्यालय खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवू शकते, तीही 'माहिती'च्या व्याख्येत येते. खासगी कंपनी चालवत असलेल्या टर्मिनलबद्दलही याच वाटेने विचारता येते.

अर्ज न करताही मिळणारे

जेटी किंवा टर्मिनलला पर्यावरण मंजुरी लागली असेल तर तिचे पत्र आणि पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल केंद्राच्या परिवेश पोर्टलवर शोधा. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मंजुरी मिळालेल्याने अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. गाळ कुठे टाकायचा ही अट पुष्कळदा त्याच पत्रात सापडते. केंद्राच्या निविदा पोर्टलवर आणि राज्याच्या महाटेंडर्सवर जुन्या निविदा आणि काम कोणाला दिले ते पाहता येते. प्राधिकरणाचा वार्षिक अहवाल आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी तपासलेले हिशेब संसदेपुढे ठेवले जातात. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या संस्थेकडेही कागद असतात. राष्ट्रीय जलमार्ग १ च्या जलमार्ग विकास प्रकल्पाला जागतिक बँकेचे ३७ कोटी ५० लाख डॉलरचे कर्ज मंजूर झाले, आणि १ जुलै २०१० पासूनच्या बँकेच्या माहिती धोरणामुळे प्रगतीचे अहवाल आणि पर्यावरणविषयक दस्तऐवज बँकेच्या संकेतस्थळावर खुले असतात.

शिवाय माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली प्रत्येक कार्यालयाने १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात. त्यात अभिलेखांच्या प्रकारांची यादी असते. ती वाचली की त्या कार्यालयात कोणत्या नोंदवह्या आहेत हे कळते, आणि अर्जात नेमके तेच नाव लिहिता येते.

शुल्क, भाषा आणि पत्ता: अर्ज इथेच अडतात

शुल्क दोन्हीकडे दहा रुपये, पण भरायची रीत वेगळी. राज्याच्या कार्यालयाला कोर्ट फी स्टँप चालतो. केंद्राच्या कार्यालयाला तो चालत नाही. नोएडाला पाठवायच्या अर्जाला पोस्टल ऑर्डर लावा, त्या कार्यालयाच्या लेखा अधिकाऱ्याच्या नावे, किंवा केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर भरा. केंद्राच्या पोर्टलवर राज्याचा अर्ज टाकू नका. तो परत येतो आणि शुल्क मिळत नाही. राज्याचे पोर्टल वेगळे आहे.

महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' हा अर्जाचा ठरलेला नमुना वापरतात. अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा. केंद्राची मर्यादा ५०० शब्दांची आहे. राज्याला मराठीत लिहा. नोएडाला हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिलेले बरे, कारण कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा अर्ज जिथे केला त्या भागाची राजभाषा असे म्हटले आहे. झेरॉक्स दोन रुपये पान. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही (कलम ६(२)), आणि सांगूही नये. अर्ज नागरिकाच्या नावाने करा. मच्छीमार सोसायटीच्या नावाने केला तर 'संस्था नागरिक नाही' म्हणून परत येऊ शकतो.

फाइल जाड असेल तर प्रतींऐवजी निरीक्षण, म्हणजे कार्यालयात जाऊन फाइल पाहणे, मागा. केंद्रात पहिला तास मोफत आणि पुढे दर तासाला ५ रुपये. निरीक्षणात फायलीवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या टिपण्या पाहायला मिळतात, आणि एखाद्या कामाला कोणत्या अधिकाऱ्याने हरकत घेतली होती हे टिपण्यांतच असते. बांधकामाच्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही कायद्यात आहे. नव्या जेटीला वर्षात तडे गेले असतील तर तो वापरा.

नकार आला तर

उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर अधिकाऱ्याने ५ दिवसांत अर्ज तिकडे पाठवायचा असतो. 'आमचा विषय नाही' एवढे लिहून तो निकालात काढता येत नाही. प्रतींचे शुल्क भरा असे पत्र आले तर ते लगेच भरा, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत. मुदत उलटून माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते.

ठेकेदाराच्या कागदांवर 'व्यापारी गुपित', म्हणजे कलम ८(१)(डी), हे कारण सर्रास येते. त्यात स्पर्धेतल्या स्थानाला हानी होईल हे दाखवावे लागते. निविदा उघडण्याआधी ते समजण्यासारखे आहे. काम देऊन, करून, बिल निघाल्यावर मोजमाप पुस्तिकेत कसले गुपित? ठेकेदाराला कलम ११ खाली विचारले तरी त्याचा नकार अंतिम नसतो. त्याचे म्हणणे ऐकून निर्णय अधिकाऱ्यानेच, अर्जापासून ४० दिवसांत करायचा असतो.

अपघाताच्या अहवालावर 'चौकशी सुरू आहे' असे उत्तर येते. नुसती चौकशी सुरू असणे पुरेसे नाही. माहिती दिल्याने चौकशीत अडथळा कसा येईल हे सांगावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंह प्रकरणात म्हटले आहे. वैयक्तिक माहितीचे कलम ८(१)(जे) मात्र २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अधिक कडक केले आहे. त्यामुळे खलाशाचा पत्ता, फोन असे काही मागूच नका. फक्त त्याच्या सक्षमता प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मुदत मागा. नावे काढून उरलेला कागद द्या, असे कलम १० चा आधार देऊन लिहा. आणि कलम ८(२) अजून शाबूत आहे: लोकहित हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते.

'माहिती विस्तृत आहे' हे कलम ७(९) चे कारण नकारासाठी नाहीच. त्या कलमाने फार तर देण्याचे स्वरूप बदलता येते, उदाहरणार्थ प्रतींऐवजी निरीक्षण. 'अभिलेख सापडत नाही' असे उत्तर आले तर पुढचा अर्ज असा करा: त्या प्रकारचे अभिलेख किती वर्षे जपायचे याचे वेळापत्रक आणि हा अभिलेख नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत. नष्ट केल्याचा आदेश नसेल तर कागद कुठेतरी असायलाच हवा.

पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, नकार मिळाल्यापासून किंवा उत्तराची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत. राज्यात त्याला २० रुपयांचा स्टँप लागतो, केंद्रात शुल्क नाही. त्याने ३० दिवसांत, कारणे नोंदवून फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. दुसरे अपील ९० दिवसांत: प्राधिकरणाविरुद्ध केंद्रीय माहिती आयोगाकडे, सागरी मंडळाविरुद्ध राज्य माहिती आयोगाकडे. आयोगापुढे नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याची असते, अर्जदाराची नाही. अपिलात कलम १९(५) लिहून हे आवर्जून नोंदवा आणि कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंडाची मागणीही स्वतंत्रपणे लिहा. अर्जाची पोच, स्पीड पोस्टाची पावती आणि उत्तर ज्या पाकिटातून आले ते पाकीट जपून ठेवा. उत्तरावरची तारीख आणि पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख यांत फरक निघाला, तर मुदतीचा वाद शिक्क्यावरून सुटतो.